जागा बदलली, पोरगं तेच

पातुरात आपलं पोरगं बेसबॉल खेळतं असं सांगितलं, की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, ‘म्हंजे किरकेटच न?’ मी आता खुलासा करत बसत नाही. शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल हे दोन्ही खेळ आहेत. जिल्ह्याहून विभागाला, विभागाहून राज्याला अशी त्यांची शिडी आहे. आमचा विभाग अमरावती. म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाणा, वाशीम आणि यवतमाळ या पाच जिल्ह्यांची पोरं एका मैदानावर उतरतात. माझा मुलगा सातवीत असताना या खेळाला लागला. त्याच्या मागून मुलगी सॉफ्टबॉलला गेली. मी कृषी सेवा केंद्र चालवणारा माणूस. सोयाबीन-कपाशीचा हंगाम आणि पोरांच्या स्पर्धा नेमक्या एकाच वेळी येतात. तरी दुकान भावावर सोपवून मैदानाच्या कडेला पुष्कळ बसलो.

तिथे बसून एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. पोरगं हरलं तर आई-बाप सोसतात. पोराची जागा बदलली तर सोसत नाहीत. काल पिचर असलेला आज राइट फील्डला दिसला, की घरात सुतक पडल्यासारखं होतं आणि सरांच्या फोनला उसंत राहत नाही. त्याबद्दल हे काही बोल. ते कोचचे नाहीत, बापाचे आहेत.

१. मैदानावरची जागा सातबाऱ्यावर चढत नाही

बेसबॉलमध्ये क्षेत्ररक्षणाला नऊ जण उभे राहतात. पिचर, कॅचर, तिन्ही बेसवरचे तिघं, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला शॉर्टस्टॉप आणि मागे डावीकडे, मध्ये, उजवीकडे असे तीन आऊटफिल्डर. नऊही जागांना नावं आहेत. नाव आलं की मालकी येते. ‘माह्या पोरगा पिचर हाय,’ असं बाप चारचौघांत सांगतो. दोन वर्षं तेच सांगितलं, की ती जागा सातबाऱ्यावर चढवून घेतल्यासारखी त्याला वाटू लागते. मग फेरफार झाला की भांडण आलंच.

आमच्या सरांना एका पालकानं हेच वाक्य ऐकवलं होतं. सर शांतपणे म्हणाले, “भाऊ, तो आधी खेळाडू हाय. पिचर तो आज हाय. उद्याचं उद्या पाहू.” त्या पालकाला उत्तर आवडलं नाही. मला आवडलं. बारा-तेरा वर्षांच्या पोरावर एकच शिक्का मारला, की बाकीच्या आठ जागा त्याच्यासाठी बंद होतात. एवढ्या लहान वयात आठ दरवाजे बंद करायची घाई कशाला?

खो-खोत हा वाद फारसा होत नाही, हेही लक्षात घ्या. तिथे एका डावात पाठलाग करायचा आणि दुसऱ्या डावात पळायचं. ज्याला फक्त पळता येतं तो अर्धाच खेळाडू, हे आपल्याकडच्या पोरांना लहानपणापासून ठाऊक असतं. आमच्या संघातल्या निम्म्याअधिक पोरी खो-खोतून आल्या. जागा बदलण्याची कुरकुर त्यांच्या तोंडून मी सगळ्यांत कमी ऐकली.

२. प्रत्येक जागा वेगळं माणूस मागते

कोचवर विश्वास ठेवायचा, तर आधी खेळ थोडा समजून घ्यावा लागतो. न समजता ठेवलेला विश्वास पहिल्याच पराभवात गळून पडतो.

पूर्ण मापाच्या मैदानावर पिचरच्या पट्टीपासून होम प्लेटपर्यंत ६० फूट ६ इंच अंतर असतं आणि एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंत ९० फूट. सॉफ्टबॉलचं मैदान लहान असतं, तिथे बेसमधलं अंतर ६० फूट आणि चेंडू खांद्याखालून टाकायचा. पहिल्या बेसवर डावखुरा खेळाडू सोयीचा पडतो, कारण त्याचा ग्लोव्ह उजव्या हातात असतो आणि तो हात आपोआप मैदानाच्या आतल्या बाजूला येतो. बहुतेक बॅटर उजव्या हाताचे असतात आणि त्यांचे जमिनीवरून येणारे फटके डावीकडे जास्त जातात. म्हणून शॉर्टस्टॉपला सगळ्यांत चपळ पोरगं लागतं. आता राइट फील्ड. लोक त्या जागेला ‘कोपऱ्यात टाकलं’ म्हणतात. पण तिथून थेट तिसऱ्या बेसवर थ्रो टाकायचा, तर संघातला सर्वांत दमदार हात लागतो. मोठ्या खेळात राइट फील्डला असाच हात ठेवतात.

हे कळल्यावर माझी बघायची नजर बदलली. मुलाला राइट फील्डला पाठवलं तेव्हा शेजारी बसलेले गृहस्थ हळहळले, “काहून हो, पोराले कोपऱ्यात टाकलं?” त्यांना मी एवढंच सांगितलं, की त्याचा हात चिंचेवर दगड मारून तयार झालेला आहे. सरांना तो लांबून मारायला पाहिजे.

३. कधी कधी जागा बदलतात ती हात वाचवायला

हा मुद्दा पालकांनी नीट समजून घ्यायचा आहे.

पिचिंग म्हणजे खांद्यावरून पूर्ण ताकदीनं, पुन्हा पुन्हा, तीच एक हालचाल. वाढत्या वयात कोपर आणि खांद्याजवळची हाडं अजून पक्की झालेली नसतात. वाढीचा भाग कच्चा असतो आणि ताण तिथेच बसतो. अमेरिकेत या खेळाचं वेड आपल्या क्रिकेटएवढं आहे. तिथे १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरच्या कोपरात दुसरीकडचा स्नायुबंध बसवला. ती शस्त्रक्रिया आज त्या पिचरच्याच नावानं ओळखली जाते. पुढे तशी वेळ शाळकरी पोरांवरही येऊ लागली.

म्हणून तिथल्या लिटल लीग या मुलांच्या संघटनेनं चेंडू मोजायचे नियम केले. नऊ-दहा वर्षांच्या मुलानं एका दिवसात ७५ चेंडू, अकरा-बारा वर्षांच्यानं ८५ आणि तेरा ते सोळा वर्षांच्यानं ९५. त्याहून जास्त नाही. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलानं एका दिवसात ६६ किंवा जास्त चेंडू टाकले, तर पुढचे चार दिवस पिचिंग बंद. आणि एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. ज्यानं ४१ चेंडू टाकले, त्याला त्या दिवशी कॅचरही होता येत नाही. कारण कॅचरला प्रत्येक चेंडू परत फेकावा लागतो, म्हणजे हाताला विसावा नाहीच.

आपल्या शालेय स्पर्धांत दोन दिवसांत सगळा कार्यक्रम उरकतात. सकाळी एक सामना, दुपारी दुसरा. अशा वेळी ज्या सरांनी सकाळचा पिचर दुपारी मागे नेऊन उभा केला, त्यांनी पोराचा अपमान केला नाही, त्याचं कोपर वाचवलं. एरवी जिंकायच्या हव्यासात पोराला दिवसभर पिचिंग करायला लावणारे कमी नसतात.

४. शरीर वर्षभरात बदलतं, जागाही बदलणार

तेराव्या-चौदाव्या वर्षी पोरगं एका उन्हाळ्यात उंच होतं. शाळेची पँट घोट्याच्या वर जाते. तोच पाय आता थोडा उशिरा पडतो, हात लांब झाल्यानं चेंडू सुटायची जागा चुकते. मागच्या वर्षीचा अचूक पिचर यंदा चेंडू कुठेही टाकतो. त्यानं सराव सोडलेला नसतो, त्याचं नवं शरीर अजून त्याच्या ताब्यात आलेलं नसतं. अशा मुलाला वर्षभर दुसरीकडे खेळवणं हा शहाणपणा आहे.

आपल्या ओळखीच्या खेळात याचे दाखले भरपूर आहेत. नागपुरात जन्मलेला रोहित शर्मा मुंबईत शाळकरी वयात ऑफस्पिनर म्हणून ओळखला जायचा आणि फलंदाजीला खाली यायचा. दिनेश लाड सरांनी त्याची फलंदाजी हेरली आणि त्याला वर आणलं. भारतीय संघातही तो आधी मधल्या फळीत होता. एकदिवसीय सामन्यांत २०१३ पासून सलामीला स्थिरावला आणि कसोटीत सलामी मिळाली ती २०१९ मध्ये. विशाखापट्टणमच्या त्या पहिल्याच सामन्यात त्यानं दोन्ही डावांत शतकं ठोकली, १७६ आणि १२७. सचिन तेंडुलकर वेगवान गोलंदाज व्हायचं म्हणून चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनला गेला होता. डेनिस लिलीनं त्याला फलंदाजीकडे लक्ष दे असं सांगितलं. लिलीचं ऐकलं नसतं तर काय झालं असतं, हा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

बेसबॉलमध्ये तर हे पावलोपावली दिसतं. पनामाचा मारियानो रिव्हेरा तरुणपणी शॉर्टस्टॉप होता. एका सामन्यात संघाच्या पिचरचं काही जमेना, तेव्हा तो पिचिंगला उभा राहिला. पुढे न्यूयॉर्क यांकीजकडून त्यानं ६५२ सामने शेवटच्या टप्प्यात सांभाळून जिंकून दिले आणि २०१९ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये एकमतानं निवडला गेलेला तो पहिला खेळाडू ठरला. बेब रूथचा प्रवास उलट्या दिशेचा. बोस्टनचा तो अव्वल पिचर होता. त्याला रोज फलंदाजी मिळावी म्हणून आऊटफील्डला नेलं आणि १९२० मध्ये यांकीजकडून त्यानं एका मोसमात ५४ होमरन मारले.

५. संघाची गरज आणि पोराची आवड रोज जुळत नाही

१५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला. आधुनिक काळातल्या मेजर लीगमधला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. कृष्णवर्णीयांच्या लीगमध्ये तो शॉर्टस्टॉप खेळलेला, आदल्या वर्षी माँट्रियलकडून दुसऱ्या बेसवर. डॉजर्सकडे या दोन्ही जागांवर आधीच पक्की माणसं होती. त्यामुळे त्या दिवशी, सगळा देश डोळे लावून बसलेला असताना, त्याला पहिल्या बेसवर उभं केलं. त्यानं ते वर्ष तिथे काढलं आणि त्या मोसमाचा सर्वोत्तम नवोदित ठरला. पुढे दुसरा बेस त्याला मिळाला आणि १९४९ मध्ये लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मानही.

अपमान, शिव्या, धमक्या असं सगळं अंगावर घेऊन एक माणूस अनोळखी जागेवर उभा राहतो. आपल्या पोराला शॉर्टस्टॉपवरून सेकंड बेसला नेलं म्हणून आपण दोन दिवस जेवत नाही. हे आठवलं की निम्मा राग आपोआप उतरतो.

६. छोट्या भूमिकेतही मोठं काम असतं

अमरावतीच्या जितेश शर्माचं उदाहरण मी आमच्या भागातल्या प्रत्येक पोराला देतो. यष्टिरक्षक आणि फलंदाज. विदर्भाकडून त्यानं वरच्या फळीत खेळून धावा केल्या. आयपीएलमध्ये मात्र त्याच्याकडे शेवटच्या षटकांचं काम आलं. सलामीवीराला अख्खा डाव मोकळा असतो. खाली येणाऱ्याला कधी दहा चेंडू मिळतात, कधी चार. नाव होत नाही, अर्धशतक होत नाही. पहिल्या चेंडूला बाद झालं तर लोक तेवढं लक्षात ठेवतात.

त्यानं ती भूमिका घेतली आणि तिच्यात शिकत राहिला. २७ मे २०२५ रोजी लखनौत बंगळूरला २२८ धावा हव्या होत्या. जितेशनं त्या दिवशी संघाचं नेतृत्वही केलं आणि ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा काढून सामना जिंकून दिला. त्या वर्षी बंगळूरनं पहिल्यांदा आयपीएल जिंकली.

आमच्या घरात याचा उपयोग मुलीला झाला. तिला संघात बॅटिंगच्या क्रमात शेवटी ठेवलं होतं आणि तिचं काम एकच, बंट करायचा. म्हणजे चेंडू जोरात न मारता बॅटनं हळूच पुढ्यात पाडायचा, स्वतः बाद झालं तरी चालेल, पण बेसवरची मैत्रीण पुढे सरकली पाहिजे. टाळ्या त्या मैत्रिणीला मिळतात. एका संध्याकाळी तिनं विचारलं, “बाबा, मी आऊट झाली तरी सर शाबास म्हनतात. काहून?” तिला मी जितेशच्या शेवटच्या षटकांबद्दल सांगितलं. पुढच्या सामन्यात तिनं स्वतःहून बंटची खूण मागून घेतली.

७. कोचचा डाव फसू शकतो, आणि तरीही

विश्वास ठेवायचा म्हणजे कोच चुकत नाही असं मानायचं, हा समज पहिला काढून टाका. याचं उत्तम उदाहरण नागपुरातच घडलं आणि ते आमच्या अकोलेकरांच्या काळजाजवळचं आहे.

फेब्रुवारी २०२५. जामठ्याला रणजी करंडकाची अंतिम लढत, विदर्भ विरुद्ध केरळ. विदर्भानं सलामीला पाठवलं पार्थ रेखडेला. हा डावखुरा फिरकी गोलंदाज. आदल्याच सामन्यात, मुंबईविरुद्धच्या उपांत्य लढतीत, त्यानं एका षटकात अजिंक्य रहाणे, सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे यांना बाद केलं होतं. तिसऱ्या क्रमांकावर आला दर्शन नळकांडे, म्हणजे अकोल्याच्या मैदानावर घडलेला आपला वेगवान गोलंदाज. दोन गोलंदाज फलंदाजीत वर. डाव फसला. रेखडे शून्यावर, नळकांडे एका धावेवर गेला आणि २४ धावांत तीन गडी बाद झाले.

पण पुढे काय झालं ते पाहा. दानिश मालेवार आणि करुण नायर यांनी चौथ्या गड्यासाठी २१५ धावा जोडल्या. मालेवारनं १५३ काढल्या. विदर्भाला पहिल्या डावात ३७ धावांची आघाडी मिळाली, सामना अनिर्णित राहिला आणि करंडक विदर्भानं जिंकला. प्रशिक्षक उस्मान गनी यांचा एक डाव चुकला, पण संघ त्यांच्या निर्णयावर कुरकुरत बसला नाही. पुढच्यांनी आपलं काम केलं. चुकलेला निर्णय सावरायला संघ लागतो, आणि एकमेकांवर विश्वास असेल तरच तो संघ राहतो.

शाळेच्या मैदानावर याहून लहान गोष्टी घडतात. नवा पिचर चार बॅटरना फुकट बेस देऊन बसतो आणि मागून एखादा बाप ओरडतो, ‘सांगतलं होतं मी!’ त्या ओरडण्यानं त्या नव्या पिचरचा हात आणखी कापतो. ते पोरगंही कुणाचं तरी असतं.

८. बाकाची भीती कशाची असते, ते ओळखा

आमच्याकडच्या आई-बापांची चिंता नुसती हौसेची नाही. राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. कोरडवाहू शेती करणाऱ्या घराला हा कागद म्हणजे एक आधार वाटतो. त्यामुळे पोरगं बाकावर बसलं, की बापाला आधी प्रमाणपत्र आठवतं.

हे मी समजू शकतो. म्हणूनच सांगतो, जागा बदलण्याचा या कागदाशी संबंध आपण समजतो त्याच्या उलट आहे. निवड करणाऱ्यांना दोन-तीन ठिकाणी उभा राहू शकणारा खेळाडू जास्त उपयोगी पडतो. दूरच्या स्पर्धेला मोजकीच पोरं न्यायची असतात. कुणी जखमी झालं तर त्याची जागा घेणारा संघातच हवा. फक्त पिचिंग करणाऱ्याला पिचर म्हणूनच जागा मिळवावी लागते. पिचिंग, फर्स्ट बेस आणि आऊटफील्ड सांभाळणाऱ्याला संघात यायला तीन वाटा असतात.

९. विचारायचं असेल तर पोरानं विचारावं

२७ मार्च १९९४ रोजी ऑकलंडला नवज्योतसिंग सिद्धूची मान आखडली. सचिननं कर्णधार अझरुद्दीन आणि व्यवस्थापक अजित वाडेकर यांच्याकडे सलामीची संधी मागितली. ती मिळाली आणि त्यानं ४९ चेंडूंत ८२ धावा काढल्या. एकदिवसीय क्रिकेटमधला त्याचा पुढचा सगळा प्रवास तिथून वळला. यात आपल्यासाठी महत्त्वाचं एवढंच, की संधी खेळाडूनं मागितली, त्याच्या वडिलांनी नाही.

आमच्या मुलाला पिचिंग परत हवं होतं. त्याची आई म्हणाली, “तुम्हीच बोला ना सरांसंग.” मी म्हटलं, त्यालाच बोलू दे. सराव संपल्यावर, बाकीची पोरं सामान गोळा करत असताना, तो सरांकडे गेला. ‘मले काहून काढलं’ असं त्यानं विचारलं नाही. ‘पिचिंगसाठी मी काय सुधरवू?’ असं विचारलं. सरांनी पायाच्या पडण्याबद्दल एक आणि चेंडू सोडण्याबद्दल एक अशा दोन गोष्टी सांगितल्या. महिनाभर तो अंगणात आरशासमोर तेच करत होता. पिचिंग त्याला पूर्ण परत मिळालं नाही. काही सामन्यांत शेवटच्या एक-दोन इनिंग मिळाल्या, बाकी वेळ तो कॅचर झाला. कॅचरच्या जागेवरून अख्खं मैदान समोर दिसतं, बाकी आठ जणांना खुणा तिथूनच जातात. आमचं अबोल पोरगं त्या जागेवर बोलायला शिकलं.

पालकाला विचारावंच लागलं, तर सामन्याच्या दिवशी विचारू नये आणि दुसऱ्याच्या पोराचं नाव घेऊ नये. ‘त्याच्यापेक्षा माहा बरा’ या वाक्यानं आजवर कुणाचंही भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

१०. घरी येताना गाडीत काय बोलता, तेच पोरगं शिकतं

अकोल्याहून पातूरला यायला पाऊण-एक तास लागतो. काळीपिवळीत मागच्या बाकावर पोरगं बॅगवर डोकं टेकून बसलेलं असतं, झोपल्यासारखं दिसतं, पण सगळं ऐकत असतं. तेवढ्या वेळात दोन पालकांनी सरांची यथेच्छ निंदा केली, की दुसऱ्या दिवशी ते पोरगं सरावाला अर्धं मन घेऊन जातं. सर सांगतात एक, बाप सांगतो दुसरं. मैदानात चेंडू अंगावर येतो तेव्हा कुणाचं ऐकायचं, हा विचार करायला त्याच्याकडे अर्धा सेकंदही नसतो.

गाडीत एकच प्रश्न पुरतो, ‘भूक लागली का?’ बाकीचं ते स्वतः सांगतं, आपल्याला हवं तेव्हा नाही, त्याला हवं तेव्हा.

११. विश्वास म्हणजे डोळे मिटणं नव्हे

जागा, क्रम, डावपेच हे सगळं सरांचं. पण काही गोष्टी सरांच्या नाहीत, त्या आपल्या आहेत. पोराचं कोपर किंवा खांदा दुखतो असं तो सांगत असेल, तर पिचिंग थांबलंच पाहिजे, अंतिम सामना असला तरी. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. भर दुपारी काळ्या मातीच्या मैदानावर सराव ठेवला असेल, तर तिथे जाऊन वेळ बदलायला सांगायचं. मारहाण, घाणेरडी भाषा किंवा निवडीसाठी पैशांची मागणी झाली, तर शाळेकडे आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात लेखी तक्रार करायची. मुलींचा संघ बाहेरगावी जात असेल, तर सोबत बाई शिक्षक आहेत का, मुक्काम कुठे आहे, हे विचारण्यात काहीही संकोच नको. पोरांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे. तो मैदानालाही लागू आहे, हे सरांना आणि पालकांना, दोघांनाही माहीत असावं.

चांगला कोच अशा प्रश्नांनी रागावत नाही. ‘पोराला कुठे उभं करता’ हे न विचारता ‘पोरगं सुरक्षित आहे ना’ हे विचारणारा पालक त्याला हवाच असतो.

१२. कोचही घडवलेला असतो

वऱ्हाडातल्या कितीतरी क्रीडाशिक्षकांचं शिक्षण अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात झालं आहे. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये उभी केलेली ही संस्था. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या पथकानं भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं जगाला दाखवली. तेव्हापासून या भागातल्या खेडोपाडीच्या शाळांत शिट्टी घेऊन उभा राहणारा माणूस मागे एक परंपरा घेऊन येतो. त्याच्याकडे साहित्य कमी असतं, मैदान पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा, वर वर्गावरचे तास आणि निवडणुकीची कामं वेगळीच. तरी तो सकाळी साडेपाचला पोरांच्या आधी हजर असतो. पोराचा हात, पाय, स्वभाव तो रोज जवळून पाहतो. आपण आठवड्यातून एकदा, कडेला बसून, चहा पीत पाहतो. दोघांच्या मतांचं वजन सारखं कसं असेल?

पावसाळा सरला की शालेय स्पर्धांचा मोसम सुरू होईल. पातुरात असो की आलेगाव, चान्नी, सस्तीत, कुठल्या तरी पोराला यंदा नवी जागा मिळेलच. त्याच्या आई-बापांना एवढंच सांगणं आहे. पहिले पंधरा दिवस सरांना काही विचारू नका. पोराला विचारा, ‘जमते का?’ जमत नसेल तर त्याला म्हणा, सरांना विचार काय सुधारू. आणि दुखत असेल, तरच तुम्ही उठा.